दामोदरपंतांचे दोन वडील

नियमांत नऊ ठिकाणी दोन-दोन अर्थ निघताहेत, असं कॉम्प्युटरने ईशानीला आधीच सांगितलं होतं. सांगितलं नव्हतं असं तिला पुढे म्हणता आलं नाही, कारण तो इशारा तांबड्या अक्षरांत आला होता आणि तिने तो वाचून मग बंद केला होता. त्याखाली असंही लिहिलं होतं की तुम्ही काही ठरवलं नाहीत तर दोन्हींतला एक अर्थ मी माझ्या पद्धतीने धरून पुढे जाईन. ईशानीला ते सोयीचं वाटलं. घरात आपणहून काही ठरवून पुढे जाणारं तेवढं एकच होतं.

मंगला गौरीच्या गल्लीतले घैसास हे काशीला येणाऱ्या मराठी घराण्यांचे तीर्थोपाध्याय. कुठल्या घराण्यातलं कोण कधी आलं, कुणाचा मुलगा कोण, याच्या नोंदी त्यांच्या वह्यांत सात पिढ्यांपासून आहेत. ईशानीचे वडील बिंदुमाधवशास्त्री यांनी आजवर त्या वह्यांतलं हवं ते पान दोन मिनिटांत काढून दाखवलं होतं. पण यंदा त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एकापाठोपाठ झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचायला साफ मनाई केली. ईशानीची आई शरदिनीबाई शाळेतून निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं त्या वह्या जशाच्या तशा टाइप करत होत्या. राहिलं होतं ते एवढंच, की त्या मजकुरातून माणसं आणि नाती वेगळी काढून प्रत्येक घराण्याचा वंशवृक्ष तयार करायचा. ईशानी एका कंपनीचं काम घरूनच करायची. तिने ते आपल्याकडे घेतलं.

"म्हणजे तू काय करणार?" बिंदुमाधवशास्त्र्यांनी काळ्या चष्म्याआडून विचारलं.

"वहीतल्या भाषेचं व्याकरण लिहिणार, बाबा. नोंद म्हणजे काय, तर नावं, मग 'यांचे पुत्र', मग पुन्हा नावं. नावं म्हणजे काय, तर एक नाव, किंवा एक नाव, 'व', आणि पुढे आणखी नावं. असे तीस-चाळीस नियम लिहून द्यायचे. पार्सर जनरेटर म्हणून एक प्रोग्राम असतो, तो हे नियम घेतो आणि वह्या वाचणारा दुसरा प्रोग्राम बनवून देतो."

"चाळीस नियमांत होतं?"

"आरामात होतं."

शास्त्रीबुवा व्याकरणाचे आचार्य होते. चाळीस नियमांत भाषा बसवायला निघालेल्या मुलीकडे त्यांनी बघितलं असतं, पण डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली होती.

पहिले दोन आठवडे सगळं छान चाललं. वंशवृक्षाला ईशानीने वेलबुट्टीची चौकट काढली होती, ती लोकांना फार आवडायची. सबनीस आले, तक्ता घेऊन गेले. टेंबे आले, त्यांनी तर तीन प्रती मागितल्या. मग एका सोमवारी साताऱ्याहून मोहनराव खटावकर आणि त्यांच्या पत्नी मृणालिनीबाई आल्या.

मोहनराव हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते आणि अजून ते कुणाच्याही घरात शिरताना आत गोंगाट चालू असेल अशा बेताने शिरत. मृणालिनीबाईंनी आल्याआल्या तक्त्याचा फोटो काढला आणि खटावकरांच्या सबंध गोतावळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिला. मग सगळे शिंदे घाटावर गेले. शास्त्रीबुवांना मंत्र पाठ होते, नावं तेवढी वाचून हवी होती. म्हणून ईशानी मोबाइल घेऊन शेजारी बसली.

"पिता?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"दामोदर."

"पितामह?"

"सदाशिव."

"प्रपितामह?"

"बाळकृष्ण."

मोहनराव गुरुजींच्या मागोमाग संस्कृत म्हणत होते. त्या ओघात सदाशिव आला आणि गेला. दुसरा पिंड ठेवून झाला, त्यावर तीळ-पाणी सोडून झालं, तेव्हा मागे बसलेल्या मृणालिनीबाई हळूच म्हणाल्या, "अहो, सदाशिव म्हणजे दत्ताभाऊजींचे आजोबा ना?"

मोहनरावांचा हात पळीवरच थांबला.

"गुरुजी, हे सदाशिव कुठून आले?"

"तुमचे आजोबा," ईशानी म्हणाली.

"माझे आजोबा रघुनाथ. सदाशिव त्यांचे थोरले भाऊ. दत्तात्रेयाचे आजोबा."

ईशानीने मोबाइलवर वर-खाली करून बघितलं. दामोदर या नावावरून वर दोन रेघा गेल्या होत्या, एक सदाशिवकडे, एक रघुनाथकडे. घाटावर वाचायच्या यादीत आजोबांसाठी तिने एकच चौकोन ठेवला होता, म्हणून त्यात पहिलं नाव बसलं होतं.

"काका, इथे तुमच्या वडिलांना..." ती थांबली. "दोन वडील दाखवताहेत."

"दाखवताहेत म्हणजे? कोण दाखवतंय?"

"प्रोग्राम."

"दत्तात्रेयाशी मी अकरा वर्षं बोललेलो नाही," मोहनराव म्हणाले. "आणि त्याच्या आजोबांना काशीला येऊन पिंड देऊन बसलो. गुरुजी, हा परत घ्या."

"दिलेला पिंड परत घ्यायची काही व्यवस्था नाही," शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले. "आता रघुनाथांना पण देऊ. एक जास्ती झाला तर बिघडत नाही."

अशा रीतीने खटावकरांचं श्राद्ध चार पिंडांचं झालं. परतताना मोहनराव घाटाच्या पायऱ्या एकेक मोजल्यासारख्या चढले.

घरी येईपर्यंत ग्रुपवर एकेचाळीस निरोप येऊन पडले होते. चौकट सुंदर आहे असं म्हणणारे पहिले चार. पाचव्याने दोन रेघा बघितल्या होत्या. आणि विसाव्याच्या आसपास खुद्द दत्तात्रेयांचा निरोप होता, जो मृणालिनीबाईंनी मोठ्याने वाचून दाखवायची काही गरज नव्हती. पण त्यांनी तो वाचला.

"'काशीच्या उपाध्यायांच्या नोंदीवरून दामोदरकाका आमच्याच आजोबांचे पुत्र ठरतात. म्हणजे धाकटी पाती उरतच नाही. तरी यंदापासून पालखीचा मान दरवर्षी थोरल्या पातीकडे राहील. सर्वांनी नोंद घ्यावी.'"

गोष्ट अशी होती की खटावकरांच्या गावी भैरवनाथाची पालखी निघते आणि पालखीचा पुढचा दांडा खांद्यावर घ्यायचा मान त्या घराण्याचा. एक वर्ष थोरल्या पातीचा, एक वर्ष धाकट्या. अकरा वर्षांपूर्वी अधिक महिन्यामुळे की कशामुळे पाळी कुणाची यावरून मोहनराव आणि दत्तात्रेय यांच्यात जे बोलणं झालं ते शेवटचं. यंदाची पाळी मोहनरावांची होती. पालखी तेरा दिवसांवर आली होती.

"आम्ही गुरुवारपर्यंत काशीत आहोत," मोहनराव ईशानीला म्हणाले. आवाज मुळीच चढलेला नव्हता, त्यामुळे ती जास्तच घाबरली. "तोवर मला दुरुस्त केलेला तक्ता हवा. गुरुजींच्या सही-शिक्क्यासह."

ईशानी कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. वहीतली ओळ साधी होती: 'बाळकृष्ण यांचे पुत्र सदाशिव व रघुनाथ यांचे पुत्र दामोदर.' कुणाही माणसाला कळेल, की सदाशिव आणि रघुनाथ हे बाळकृष्णांचे मुलगे आणि दामोदर हा रघुनाथांचा. पण तिच्या नियमांना तसं कळत नव्हतं. 'व' दिसला की नावांची यादी संपली असं समजायचं की पुढे चालू ठेवायची, याचे तिथे दोन अर्थ निघत होते, आणि मशीनने आपल्या पद्धतीने यादी पुढे चालू ठेवली होती. मग 'यांचे पुत्र' हे सबंध यादीला लागलं आणि दामोदर दोघांचा झाला.

"इतनीसी बात," ती स्वतःशीच म्हणाली, आणि 'व' आला की यादी तिथेच संपवायची असं मशीनला सांगून मोकळी झाली. खटावकरांचा वृक्ष सरळ झाला. दामोदर रघुनाथांखाली येऊन बसले. तिने तक्ता छापायला घेतला, तेवढ्यात फोन वाजला. सबनीसांचा होता.

"अहो ताई, तक्त्याखाली तुम्ही दिलेल्या लिंकवर आत्ता बघितलं. माझ्या वडिलांना वडील नाहीत."

"म्हणजे?"

"फक्त आई आहे. आजोबांचं नाव बाजूला एकटंच आहे. मागच्या आठवड्यात होते की सगळे नीट."

ईशानीने बघितलं. सबनीसांची नोंद होती, 'गणेश व सौ. सरस्वती यांचे पुत्र माधव.' नव्या नियमाने 'व'पाशी यादी संपली. गणेशपंत अलीकडे राहिले, सरस्वतीबाई पलीकडे गेल्या, आणि मुलगा त्यांच्या एकट्यांचा झाला. तिने मोजून बघितलं. वह्यांतल्या चारशे बारा घरांतून वडील नाहीसे झाले होते.

संध्याकाळपर्यंत टेंब्यांचा फोन आला, कुण्या पटवर्धनांचा आला, आणि शास्त्रीबुवांना घाटावर भेटलेल्या एका जुन्या यजमानाने विचारलं, काय गुरुजी, ऐकतोय ते खरं का. सात पिढ्यांत घैसासांच्या वहीबद्दल असं कुणी विचारलं नव्हतं. शास्त्रीबुवा घरी येऊन जेवताना म्हणाले, "आता थोडे दिवस लोकांना काही छापून देऊ नको."

मंगळवारी ईशानीने नियम पुन्हा पहिल्यासारखा केला आणि त्याला पोटनियम जोडला. चारशे बारा वडील परत आले, पण साठ घरांतल्या बहिणी आपल्या भावांच्या बायका झाल्या. तिने तो पोटनियम काढला. दुसरा घातला, तेव्हा मशीनने एकोणीस ठिकाणी दोन अर्थ निघताहेत असं सांगितलं. दुपारी तिने कंपनीची मीटिंग चुकवली. बुधवारी सकाळी आणखी एक पोटनियम घातल्यावर ते एकतीस झाले आणि टेंब्यांचे पणजोबा स्वतःचेच नातू निघाले. तिने कीबोर्ड बाजूला सरकवला आणि कपाळ टेबलावर टेकलं.

"झालं का?" शरदिनीबाई चहा घेऊन आल्या होत्या.

"आई, जुन्या लोकांना लिहायची अक्कलच नव्हती. कुठे वाक्य संपतं तेच समजत नाही. सगळं एकाला एक चिकटवून ठेवलंय."

शरदिनीबाईंनी चष्मा लावला आणि स्क्रीनकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या.

"रेघा कुठे गेल्या?"

"कुठल्या रेघा?"

"उभ्या. वाक्य संपलं की आजेसासऱ्यांच्या वहीत उभी रेघ असते. मी प्रत्येक ठिकाणी टाकली होती."

ईशानी उठून बसली. "त्या काढल्या मी. पहिल्याच दिवशी. फालतूच्या वाटल्या म्हणून रिकाम्या जागेसारख्या गाळून टाकायला सांगितल्या."

"दोन वर्षं," शरदिनीबाई म्हणाल्या. "बोटं दुखायची माझी. एकेक रेघ वहीशी ताडून टाकली. आणि तू फालतूच्या म्हणून काढल्यास." त्यांनी चहाचा कप तिच्या हातात न देता टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला आणि त्या निघून गेल्या.

रेघा परत आल्या तशी नातीही आपापल्या जागी आली. बहिणी बहिणी झाल्या, टेंब्यांचे पणजोबा वर गेले. सगळ्या नियमांत दोन अर्थ निघण्याची ठिकाणं उरली शून्य. ईशानीने खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेतली आणि खटावकरांचं पान उघडलं. दामोदरांना अजून दोन वडील होते.

ती आईकडे गेली. दोघींनी मूळ वही काढली, भिंगातून ओळ बघितली. अक्षर शास्त्रीबुवांच्या आजोबांचं. 'बाळकृष्ण यांचे पुत्र सदाशिव व रघुनाथ यांचे पुत्र दामोदर.' मधे रेघ नव्हती. आधीच्या ओळीला होती, नंतरच्या ओळीला होती, तेवढी हीच राहिली होती.

"बाबा, पणजोबा इथे रेघ टाकायची विसरले."

"आजोबा विसरणाऱ्यांतले नव्हते," शास्त्रीबुवा म्हणाले. पण त्यांना ती ओळ दिसत नव्हती, आणि बाहेर मोहनराव येऊन बसले होते. "एखाद वेळेस राहूनही गेली असेल."

"मी नियमच घालते. नोंदीत बायकांच्या नावाआधी सौ. नाहीतर गं. भा. असतंच. आईबाप म्हणून दोन नावं आली आणि त्यांत बाई नसेल, तर जवळचं नाव धरायचं. दोन वडील कुणालाच नसतात."

"हे तर अगदी बरोबर," बाहेरून मोहनराव म्हणाले.

नियम घातला. दामोदर रघुनाथांखाली आले आणि यावेळी दुसऱ्या कुणाचं काही बिघडलं नाही. शास्त्रीबुवांनी अंदाजाने सही केली, शिक्का शरदिनीबाईंनी मारला. मोहनरावांनी तक्ता दोनदा वाचला, गुंडाळी करून पिशवीत ठेवला आणि ईशानीला म्हणाले, "चूक होते. ती कबूल करून सुधारणं महत्त्वाचं." मग त्यांनी नव्या तक्त्याचा फोटो स्वतः ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आधीचा तक्ता रद्द समजावा', आणि गुरुवारच्या गाडीने ते साताऱ्याला गेले. घैसासांच्या घरात तीन दिवसांनी पहिल्यांदा गोडाचं काही केलं गेलं.

पुढच्या मंगळवारी फोन आला. आवाज फार म्हाताऱ्या बाईंचा होता आणि त्या फोनपासून लांब बसल्यासारख्या मोठ्याने बोलत होत्या.

"काशीचे घैसास का? मी आक्का. दत्ताची आत्या. सदाशिवांची धाकटी मुलगी. त्या फोटोतल्या झाडाबद्दल बोलायचं होतं."

"आक्का, ते आम्ही दुरुस्त करून दिलंय," ईशानी घाईने म्हणाली. "ती आमची चूक होती. मोहनकाकांना सही करून नवं—"

"तेच म्हणते मी. दुरुस्त का केलंस?"

ईशानीने फोनचा स्पीकर लावला.

"दामूदादा माझा सख्खा भाऊ," आक्का म्हणाल्या. "रघुनाथकाकांना मूल नव्हतं. दादाला पाच महिन्यांचा असताना त्यांच्या मांडीवर दिला, दत्तक. पुढे दोघं भाऊ काशीला गेले, तेव्हा तुमच्या भटजींनी विचारलं, हा कुणाचा? दोघांनी एकदम सांगितलं, आमचा. भटजींनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग त्यांनी लिहिलं तसं. आई सांगायची आणि हसायची. पुढे भाऊ भाऊ भांडले आणि ही गोष्ट बोलायची बंद झाली. दादाला तर ते कुणी काढलेलंही खपायचं नाही. मोहनला काय माहीत असणार? माहीत असलेली मी एकटीच उरलेय."

शास्त्रीबुवा शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी फोनकडे हात केला.

"आक्का, मी बिंदुमाधव बोलतो. मोहनरावांच्या हातून घाटावर एक पिंड सदाशिवरावांना पण दिला गेला. गलतीनेच, पण दिला गेला. दत्तक गेलेल्याच्या वंशाकडून जन्मघरच्यांना एरवी मिळत नाही."

मग आक्का पहिल्यापेक्षा हळू म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी पोटचा मुलगा दिला हो. तुमच्या त्या यंत्राला सांगा, आक्कांनी दुवा दिली म्हणून." त्यांनी नाक पुसल्याचं ऐकू आलं. "आता त्या दोघांना सांगायला हवं, म्हणजे सख्खे चुलत भाऊ असून कसे वागताहेत ते कळेल. बोलावते दोघांनाही माझ्यासमोर." आणि फोन ठेवून दिला.

फोन बंद झाल्यावर ईशानी वडिलांकडे बघत राहिली. एकवीस हजार नोंदींत तिचा प्रोग्राम आता एकच नोंद चुकीची वाचत होता, आणि ती त्याने पहिल्या दिवशी, काही न शिकवता, बरोबर वाचली होती. तिने तीन दिवस खपून ती चूक करायला शिकवलं होतं.

"बाबा, आता काय करू?"

"मला काय विचारतेस? मला दिसत नाही," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि त्यांनी चष्मा उगाचच पुसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोहनरावांचा फोन आला. मागे कुणीतरी पुरुष माणूस मोठ्याने बोलत होता, आणि मोहनरावांनी मधेच तोंड फिरवून त्याला "दत्ता, जरा थांब, मला बोलू दे" असं दटावलं. पण ते दटावणं वर्गातल्या आवडत्या पोराला असतं तसलं होतं.

"ईशानी, ऐक. यंदा दांडा आम्ही दोघं मिळून धरतोय. आक्काची आज्ञा आहे. तिचं असंही म्हणणं आहे, की देवळात पालखीच्या शेजारी आपला वंशवृक्ष लावायचा. तेव्हा तो पहिला तक्ता पाठव. दोन रेघांचा."

"काका, तुमच्याकडे फोटो असेल ना."

"फोटो बारीक आहे. मोठा छापून हवा, चौकटीसकट. सही-शिक्का पाहिजे."

ईशानीने आदल्या दुपारपासून पाच वेळा तो काढून बघितला होता. शेवटचा तो नियम काढला, की दामोदरांना दोन वडील मिळत होते, पण त्याबरोबर मधली रेघ खरोखरच राहून गेलेल्या सतरा घरांतही दोन-दोन वडील उभे राहत होते. दत्तकाचा वेगळा नियम लिहायचा, तर वहीत तो शब्दच कुठे नव्हता. नुसतं चित्र काढून दिलं, तर आई सहीखाली शिक्का मारायला तयार नव्हती. वहीतून निघेल तेच द्यायचं, असं तिचं म्हणणं होतं.

"काका, तो तसा आता निघत नाही."

"का निघत नाही?"

"मी ते दुरुस्त केलं. तुम्हीच सांगितलं होतं."

मोहनराव हेडमास्तरी शांतपणे म्हणाले,

"मग पुन्हा बिघडव. आणि शनिवारच्या आत बिघडव, रविवारी पालखी आहे."